बायकांचे असेच येतात

सुमनबाई आहेर पायात चपला घालून बेडच्या कडेला बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डबा, टॉवेल आणि आमच्या हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड. मुलगी खाली मेडिकलमधून गोळ्या आणायला गेली होती. साडेअकराच्या देवळ्याच्या बसने बाई घरी जाणार होत्या. सकाळी छातीत भरून आलं म्हणून मुलीने आणलं होतं. ईसीजी निघाला होता, डॉक्टरांनी पाहिला होता, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देऊन झालं होतं. सगळं रीतसर. आणि मी वॉर्डाच्या दिशेने जवळजवळ पळत निघाले होते, कारण माझ्या हातात त्या ईसीजीची झेरॉक्स होती.

झेरॉक्सचं आधी सांगते. ईसीजी ज्या कागदावर निघतो तो थर्मल असतो, बसच्या तिकिटासारखा. काही महिन्यांत त्यावरच्या रेषा उडून जातात आणि हातात कोरा गुलाबी कागद राहतो. म्हणून आमच्याकडे प्रत्येक ईसीजीची झेरॉक्स काढून फाइलला लावतात आणि रजिस्टरला नोंद करतात. हे काम माझं. मी पगारे, ईसीजी टेक्निशियन, नाशकातल्या एका मध्यम आकाराच्या खाजगी हॉस्पिटलात सव्वीस वर्षं. गोष्ट दोन वर्षांपूर्वीची आहे, तेव्हा मी ईसीजी रूमची इन्चार्ज होते. आता रिटायर झाले आहे, आठवड्यातून दोन दिवस नव्या मुलामुलींना शिकवायला जाते.

तर त्या दिवशी दहा वाजता मी नेहमीसारखी झेरॉक्स मशीनपाशी उभी होते. सकाळचे ईसीजी एकेक करून काचेवर ठेवत होते. चौथा कागद सुमनबाईंचा. वेळ छापलेली होती, सहा पन्नास. नाइट ड्यूटीवाल्या सचिनने काढलेला. कोपऱ्यात त्याच्या अक्षरात बॉलपेनने लिहिलं होतं, ‘पेशंट नॉट विलिंग’. त्याचा अर्थ आमच्या भाषेत असा, की बाईने ब्लाउज काढायला नकार दिला, म्हणून छातीच्या लीड्स जिथे जागा मिळाली तिथे लावल्या.

ईसीजी म्हणजे काय, ते चार वाक्यांत सांगते. हृदयातून जो बारीक करंट फिरतो, तो मशीन बाहेरून टिपतं आणि कागदावर रेषा काढतं. त्यासाठी दोन मनगटांना आणि दोन घोट्यांना चिमट्यासारखे क्लॅम्प लावायचे आणि छातीवर सहा रबरी बल्ब चिकटवायचे. यातून बारा रेषा मिळतात, त्यांना लीड्स म्हणतात. एकाच घराचे बारा ठिकाणी उभं राहून काढलेले बारा फोटो समजा. सहा फोटो हातापायांवरून, सहा छातीवरून.

छातीवरच्या जागा ठरलेल्या आहेत. बोटांनी बरगड्या मोजायच्या, चौथ्या आणि पाचव्या बरगडीखालच्या फटी शोधायच्या आणि बल्ब तिथेच लावायचे. बाईमाणसाचे शेवटचे तीन-चार बल्ब स्तनाच्या खाली जातात. त्यासाठी ब्लाउज काढावा लागतो, दुसरा उपाय नाही. पण आमच्याकडे काय चालायचं? चार बल्ब ब्लाउजच्या गळ्याच्या वर, एका ओळीत, माळ घातल्यासारखे. उरलेले दोन ब्लाउजच्या खाली, पोटावर. मशीन बिचारं दिलेल्या जागेवरून फोटो काढतं. गच्चीवरून आणि तळघरातून काढलेल्या फोटोंत घर वाकडं दिसणारच. मग कागदावर मशीन इंग्रजीत छापून टाकतं, की हृदयाच्या पुढच्या भागाला जुना अटॅक येऊन गेलेला असू शकतो. धडधाकट बाईला.

जे आजारामुळे दिसत नाही, काढण्याच्या पद्धतीमुळे दिसतं, त्याला आर्टिफॅक्ट म्हणतात. पेशंट थरथरला, घामाने बल्ब सुटला, जेली कमी पडली, वायर हलली, की आर्टिफॅक्ट येतो. तो ओळखणं हे आमचं निम्मं काम. बायकांच्या ईसीजीतला हा आर्टिफॅक्ट तर इतका रोजचा, की आमच्या हॉस्पिटलात त्यावर एक वाक्यच पडून गेलं होतं. कुठल्याही बाईचा छातीच्या लीड्स वाकड्या असलेला ईसीजी आला, की टेक्निशियन म्हणायचा, सिस्टर म्हणायच्या, डॉक्टरही म्हणायचे, “बायकांचे असेच येतात.” हे वाक्य कुठून आलं, ते पुढे सांगते.

सुमनबाईंच्या कागदावरही छातीच्या लीड्स वाकड्या होत्या. मशीनने नेहमीचं वाक्य छापलेलं होतं. खाली डॉक्टरांनी टिक केली होती. मीही कदाचित झेरॉक्स काढून पुढचा कागद घेतला असता. पण झेरॉक्स काळी-पांढरी येते, गुलाबी चौकटी फिक्या होतात आणि रेषा ठळक दिसतात. माझी नजर वरच्या डाव्या कोपऱ्यात गेली, हातापायांच्या लीड्सवर. डाव्या हाताकडून पाहणाऱ्या दोन रेषा ठोक्यानंतर खाली यायच्या ऐवजी थोड्या वर अडकल्या होत्या. पायाकडून पाहणाऱ्या रेषा त्याच जागी खाली दबल्या होत्या. सी-सॉवर एक बाजू वर गेली की दुसरी खाली जाते, तसं. फार नाही, एखादा छोटा चौकोन. पण खराखुरा अटॅक सुरू असतो तेव्हा असंच होतं. आणि छातीवरचे बल्ब तुम्ही गळ्याला लावा नाहीतर भिंतीला लावा, मनगट आणि घोट्यावरून येणाऱ्या या रेषा त्याने अशा बदलत नाहीत.

मी आधी सरळ आरएमओंकडे गेले. आरएमओ म्हणजे वॉर्डात ड्यूटीवर कायम हजर असलेला डॉक्टर. माझ्या मुलाच्या वयाचे, पण हॉस्पिटलात डॉक्टरला सरच म्हणायचं असतं. ते समोसा खात होते. खाऊ देत, आदल्या संध्याकाळपासून उभे होते, सकाळचा डॉक्टर आला नव्हता म्हणून अजून थांबले होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, हा परत काढू या.

त्यांनी कागद पाहिलाही नाही. म्हणाले, “मॅडम, तो मी बघितलाय. मोठ्या सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलाय. त्यांचा अंगठा आलाय. ट्रोपोनिन निगेटिव्ह आहे.”

मोठे सर म्हणजे आमचे फिजिशियन आणि हॉस्पिटलचे मालक. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ती पॉझिटिव्ह येते, पण लगेच नाही, काही तास जावे लागतात. बाई त्रास सुरू झाल्यावर तासाभरात आल्या होत्या. म्हणून ती तपासणी थोड्या वेळाने पुन्हा करायची असते. फाइलमध्ये तसं लिहिलेलंही होतं, आणि डिस्चार्ज ठरल्यावर त्यावर रेघ मारलेली होती.

मी म्हटलं, सर, छातीच्या लीड्स सोडून द्या, हातापायाच्या बघा.

ते म्हणाले, “अहो, ब्लाउजवरून काढलाय. बायकांचे असेच येतात, तुम्हाला माहिती नाही का?”

माझा आवाज चढला. मी म्हणाले, “सर, घोट्याला ब्लाउज असतो का?”

शेजारी इंजेक्शन भरणाऱ्या सिस्टरने मान खाली घातली. सरांचा चेहरा लाल झाला. पण त्यांनी समोसा खाली ठेवला आणि कागद हातात घेतला, हे मी त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्यांनी वरचा कोपरा पाहिला. मग मोबाइल काढून मोठ्या सरांना पाठवलेला फोटो पाहिला. फोटो फक्त छातीच्या सहा लीड्सचा होता. कागद लांब असतो, एका फोटोत बसत नाही, म्हणून ‘मेन भाग’ पाठवला होता. मोठ्या सरांनी वाकड्या सहा लीड्स पाहिल्या, बाईमाणूस आहे हे वाचलं, आणि अंगठा दाखवून मोकळे झाले. दोन शिकलेल्या माणसांनी मिळून अर्धा ईसीजी पाहिला होता, तोसुद्धा नेमका बिघडलेला अर्धा.

“परत काढा,” आरएमओ म्हणाले.

मी वॉर्डात गेले तेव्हा सुमनबाई दाराकडे डोळे लावून बसल्या होत्या. छप्पन वर्षांच्या, अंगाने काटक, हातभर हिरव्या बांगड्या. नातवाच्या वाढदिवसाला चार दिवस मुलीकडे सिडकोत आल्या होत्या. आता गावी कांद्याच्या चाळीवर माल निवडायला बाया सांगून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी नव्हतं. हे सगळं त्यांनी मी न विचारता सांगितलं, कारण मी त्यांना थांबवायला आले आहे हे त्यांना कळलं होतं.

मी विचारलं, ताई, आता छातीत दुखतंय का?

“नाय वो. दुखत नाय.”

मी पुन्हा विचारलं, मग काय होतंय?

“दुखत नाय म्हणलं ना. जड हाय. हितं पाटा ठिवल्यावानी. आन हा हात लय भरून आलाय. पित्त हाय म्हणले डॉक्टर.”

आता या ठिकाणी मला कोणाचा राग आला असेल, ते ओळखा. या बाईला सकाळपासून तीन जणांनी विचारलं होतं, दुखतंय का, आणि तिने खरं ते सांगितलं होतं, की दुखत नाही. फाइलमध्ये लिहिलं गेलं, ‘नो चेस्ट पेन’. जड आहे का, दाबल्यासारखं आहे का, भरून येतंय का, हा पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. शिकवताना आम्ही पहिल्या दिवशी सांगतो, की अटॅकच्या पेशंटला दुखेलच असं नाही. शिकवून झालं, की फॉर्मवर एकच रकाना छापतो: पेन, येस ऑर नो.

मी त्यांना ईसीजी रूममध्ये नेलं. व्हीलचेअर मागवली तर त्या म्हणाल्या, चालते की, पायाला काय धाड भरली. मी त्यांना चालू दिलं नाही. दार लावलं, टेबलवर झोपवलं. मग म्हणाले, ताई, ब्लाउज काढावा लागेल, वर चादर घालते. सकाळी तुम्ही नको म्हणालात, पण आता मी आहे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी कव्हा नको म्हणले?”

मी म्हटलं, सकाळी त्या टेक्निशियनला.

“मला कोणी इचारलंच नाय,” सुमनबाई म्हणाल्या. “त्यो पोरगा आला, तिकडं तोंड करून ते फुगे लावले आन गेला. इचारलं आसतं तर काढला आसता. जिवाची भीती मलाबी हाय ना.”

हात काम करत होते म्हणून बरं. हुक काढले, चादर घातली, बांगड्या वर सरकवून मनगटाचे क्लॅम्प नीट बसवले. पैंजणांच्या वर घोट्याचे. बरगड्या मोजल्या. चौथी फट, पाचवी फट. प्रत्येक ठिकाणी जेलीचा वेगळा ठिपका लावला, एकाची दुसऱ्यात मिसळू दिली नाही. त्यांना सांगितलं, दहा सेकंद हलू नका, बोलू नका. मशीनचं बटण दाबलं.

कागद सरकत बाहेर आला आणि मला पुढचं वाचायची गरजच उरली नाही. छातीच्या मधल्या तीन लीड्समध्ये रेषा वर चढून तिथेच बसली होती. हाताकडच्या लीड्समध्ये सकाळपेक्षा जास्त वर, पायाकडच्या लीड्समध्ये सकाळपेक्षा जास्त खाली. रेषेत कुठे थरथर नाही, कुठे धूसर नाही. हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पोचवणारी नळी बंद पडली होती आणि ती सकाळपासून बंद पडत चालली होती. साडेतीन तास. हृदयाचा स्नायू रक्तावाचून तासांच्या हिशेबाने मरतो, आणि मेलेला परत येत नाही. या साडेतीन तासांत आम्ही तिला पित्ताचं इंजेक्शन दिलं होतं आणि चपला घालून बसवलं होतं.

त्यानंतर मात्र सगळे धावले. आरएमओंनी कागद पाहिला आणि गोळ्या आणल्या, त्या बाईंना चावून खायला लावल्या, सलाइन लावलं, शॉकचं मशीन शेजारी आणून ठेवलं. आमच्याकडे कॅथलॅब नाही, म्हणजे नळी उघडायची अँजिओप्लास्टी जिथे होते ती खोली. ती सोय असलेल्या हॉस्पिटलला फोन झाला, अँब्युलन्स दारात आली. मोठ्या सरांना आता पूर्ण ईसीजीचे चार फोटो गेले. त्यांचा फोन लगेच आला. अंगठा दाखवून भागण्यासारखं आता राहिलं नव्हतं.

एवढ्यात मुलगी, मनीषा, गोळ्यांची पिशवी घेऊन वर आली. एका बँकेत क्लार्क आहे, हुशार पोरगी. आईला सलाइन, नळ्या, धावपळ पाहून तिने आरडाओरडा केला नाही. ती माझ्याकडे आली, माझ्या हातातले दोन्ही कागद तिने पाहिले, सकाळचा आणि आत्ताचा. मग विचारलं, “मॅडम, हे सकाळी आलो तेव्हाच होतं का?”

आरएमओंनी माझ्याकडे पाहिलं. सिस्टरने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळी काय म्हणायचं, हे हॉस्पिटलात प्रत्येकाला पाठ असतं. ‘पेशंटची कंडिशन बदलत असते’ असं म्हणायचं असतं. ते खोटंही नसतं.

मी म्हणाले, “होतं.”

तिने मान हलवली आणि आईच्या स्ट्रेचरबरोबर अँब्युलन्समध्ये चढली. साडेअकराच्या बसची वेळ झाली तेव्हा सुमनबाई कॅथलॅबच्या टेबलावर होत्या. चांदवडच्या अलीकडे कुठेतरी, खिडकीशी, पिशवी मांडीवर घेऊन त्या बसल्या असत्या, तर काय झालं असतं, याचा विचार मी त्या दिवशी दिवसभर केला. बसमधल्या लोकांनी म्हटलं असतं, मावशी झोपल्या.

त्या वाचल्या. नळी उघडली, स्टेंट टाकला, पाचव्या दिवशी मुलीच्या घरी गेल्या. पण हृदयाचा पुढचा एक कोपरा कायमचा कमजोर झाला, तो झालाच. पंपिंग कमी झालं, असं डॉक्टर म्हणतात. आमच्याकडे त्या वेळेवर आल्या होत्या. उशीर आम्ही केला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मोठे सर, आरएमओ, मेट्रन, सचिन आणि मी. मला वाटलं, आता अर्ध्या ईसीजीच्या फोटोचा विषय निघेल, रेघ मारलेल्या तपासणीचा निघेल, ‘पेशंट नॉट विलिंग’चा निघेल. मोठ्या सरांनी सुरुवात केली ती अशी.

“पगारे मॅडम, तुम्ही केस पकडली, अभिनंदन. पण नातेवाइकांना ‘होतं’ म्हणायची काय गरज होती?”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. मी विचारलं, सर, नव्हतं म्हणायला पाहिजे होतं का?

ते म्हणाले, तसं नाही, पण डॉक्टर बोलतील ना, टेक्निशियनने का बोलायचं. उद्या तिने तक्रार केली तर? सगळं चांगलं झालंय, पेशंट वाचलाय, आता विषय वाढवू नका.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. सव्वीस वर्षांत मी त्या केबिनमध्ये कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. मी म्हणाले, विषय वाढवायचा तर मी असा वाढवते. हॉस्पिटलने नवीन ईसीजी मशीन घेतलं, टच स्क्रीनचं, त्याच्या उद्घाटनाला नारळ फोडला, फोटो काढला. त्या मशीनसमोर एक पडदा लावायला मी तीन वेळा अर्ज दिला. नाइटला एक बाई अटेंडंट द्या म्हणून दोन वेळा. ईसीजी रूमचं दार उघडं ठेवून, कॉरिडॉरमधून डबेवाले, नातेवाईक, सफाईवाले जात-येत असताना, परक्या पुरुषाने बाईला ब्लाउज काढ म्हणायचं, आणि बाईने काढायचा. आणि तिला न विचारताच आपण लिहून टाकायचं, की तिने नकार दिला. लाज आपल्याला वाटते आणि नाव तिचं. बाई लाजेने मेली असं उद्या आपण लिहिलंही असतं.

मग मी सचिनकडे वळले. सचिन वाईट माणूस नाही. पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप, रात्री पेशंट ओरडला तरी आवाज न चढवणारा. पण मी रागात होते. सगळ्यांसमोर विचारलं, तू तिला विचारलं होतंस का?

त्याने मान खाली घातली. नाही म्हणाला. म्हणाला, वाटलं, त्यांना आवडणार नाही.

मी म्हटलं, आणि मशीनने छापलेलं वाचलं नाहीस? हातापायाच्या लीड्स बघितल्या नाहीस? बायकांचे असेच येतात, हे तुला कोणी शिकवलं?

सचिनने वर पाहिलं. उद्धटपणे नाही, अगदी सरळ. म्हणाला, “मॅडम, तुम्हीच.”

आता ते वाक्य कुठून आलं, ते सांगायची वेळ आली.

बारा-तेरा वर्षांपूर्वी पावसाळ्यात इगतपुरीहून रेल्वेचा एक गँगमन आमच्याकडे आला. छातीत कळ आली म्हणून सहकाऱ्यांनी तसाच ओल्या कपड्यांत जीपमधून आणला होता. थंडीने नुसता कुडकुडत होता. तेव्हा नव्या असलेल्या एका टेक्निशियनने ईसीजी काढला तर कागदावर डोंगरच डोंगर, हृदय बंद पडण्याच्या आधी येतात तसे. तो घाबरून शॉकचं मशीन आणायला धावला, डॉक्टरही धावले. मी पोचले तेव्हा पेशंट टेबलावर बसून सिस्टरकडे चहा मागत होता. शॉक लागता लागता वाचला. दोन ब्लँकेटं घातली, थरथर थांबली, ईसीजी सरळ आला. त्यानंतर मी नव्या टेक्निशियन लोकांसाठी एक लेक्चर सुरू केलं, आर्टिफॅक्ट कसा ओळखायचा याचं. गँगमनची गोष्ट सांगायची, लोक हसायचे. आणि मग बायकांच्या ईसीजीवर आले, की मी म्हणायची, मशीनने अटॅक छापला म्हणून घाबरून जाऊ नका, ब्लाउजमुळे बायकांचे असेच येतात. यावरही लोक हसायचे. वाक्य चटकदार होतं, लक्षात राहायचं. सचिन पहिल्या बॅचला पुढच्या बाकावर होता.

त्या संध्याकाळी मी घरी गेले नाही. ईसीजी रूममध्ये बसून जुनी रजिस्टरं काढली. ‘पेशंट नॉट विलिंग’, ‘पेशंट नॉट विलिंग’. सचिनच्या अक्षरात, इतरांच्या अक्षरात. मागे मागे जात राहिले. मग एका पानावर माझं अक्षर दिसलं. दुसऱ्यावर दिसलं. गर्दीचे दिवस होते, बाहेर रांग होती, दार उघडं होतं. त्या बायकांना मी विचारलं होतं का, हे मला आठवेना. सचिनसारख्या पुरुषाला निदान संकोचाचं कारण होतं. मला तेही नव्हतं. केबिनमध्ये केलेलं भाषण मला तोंडपाठ होतं, ते मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं आणि अर्ध्यावर सोडून दिलं.

पडद्याचं पुढे काय झालं, ते विचाराल. ‘बघू’ असं उत्तर आलं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलच्याच दोन चादरी घेतल्या, नायलॉनची दोरी बांधली आणि पडदा लावला. दहा मिनिटांचं काम होतं. सव्वीस वर्षांत ते मला सुचलं नव्हतं, मी अर्ज देत बसले होते. नाइटला बाई अटेंडंट मात्र मेट्रनने भांडून मिळवली. ‘पेशंट नॉट विलिंग’ लिहायचं असेल तर खाली पेशंटची सही किंवा अंगठा घ्यायचा, असा नियम मी केला. तो नियम आल्यापासून नकार देणाऱ्या बायका जवळपास नाहीशाच झाल्या. म्हणजे त्या आधी होत्या कुठे, हे तुम्हीच ठरवा.

मनीषाने तक्रार केली नाही. मोठ्या सरांना त्याचं बरं वाटलं. मला वाटलं नाही.

तीन महिन्यांनी सुमनबाई तपासणीला आल्या. कांद्याच्या चाळीवर आता धाकटी जाऊ बसते, पाटी उचलायची मनाई आहे, जिना चढताना धाप लागते, असं सांगत होत्या. मी मुद्दाम सचिनला पुढे केलं आणि पडद्याच्या अलीकडे उभी राहिले.

सचिन म्हणाला, “मावशी, छातीवर लीड लावायला ब्लाउज काढावा लागतो. चालेल का? का मॅडमना बोलवू?”

आतून सुमनबाईंचा आवाज आला. “त्या दिशी आलता त्यो तूच ना?”

“हो.”

“मंग तव्हा का नाय इचारलं, बाबा?”

सचिनला सांगता आलं असतं, की मॅडमनी शिकवलं तसं केलं. त्याने सांगितलं नाही. मग बांगड्या वाजल्या, म्हणजे त्या हुक काढत होत्या.

ईसीजी निघाला. जुन्या अटॅकची खूण आता त्यात कायमची आहे. मशीनने कागदावर तेच वाक्य छापलं, जे ते शेकडो धडधाकट बायकांच्या कागदावर उगाच छापत आलं होतं. या वेळी ते खरं होतं.

अजूनही मी ते लेक्चर घेते. गँगमनची गोष्ट सांगते, लोक हसतात. मग भिंतीवर लावलेली एक झेरॉक्स दाखवते, नाव झाकलेलं, वेळ सहा पन्नास. मूळ कागदावरच्या रेषा एव्हाना उडून गेल्या असतील. आणि सांगते, की आर्टिफॅक्ट ओळखलात म्हणजे पेशंट ठीक आहे असं होत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की ईसीजी अजून काढायचा आहे.